भांडं किती माणसांचं?

आमच्या दुकानात फूड प्रोसेसर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिली पाच मिनिटं खोटं बोलतं. लबाडीनं नाही, सवयीनं. डोंबिवली पूर्वेच्या एका दुकानात मी एकोणीस वर्षं मिक्सर आणि फूड प्रोसेसरच्या काउंटरला उभी होते, आणि विकलेल्या यंत्राचा डेमो द्यायला ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोकांच्या स्वयंपाकघरांत जायचे. त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगते. "घरात माणसं किती?" हा माझा पहिला प्रश्न. "सहा" असं उत्तर आलं की मी मनातल्या मनात त्यावर फुली मारायचे. त्या सहांत गावाला राहणारे सासरे असतात, हॉस्टेलला गेलेली मुलगी असते, आणि गणपतीत चार दिवस येणारी नणंदही असते. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, "सकाळी पोळ्या किती लाटता?" पोळ्यांचा आकडा मात्र बाई खरा सांगते, कारण त्या तिनं स्वतः उभं राहून लाटलेल्या असतात.

संशय माझ्या स्वभावातच आहे. माझा मुलगा म्हणतो, "आई, देवळात गेलीस तरी तू आधी चपलांकडे बघतेस, मग देवाकडे." बघतेच. चपला जातात, देव कुठे जात नाही.

आता धंद्यातली गोष्ट साध्या भाषेत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खोक्यावर जे लिटर छापलेले असतात, ते भांडं काठोकाठ पाण्यानं भरल्यावरचे. काठोकाठ भरून कोणी कणीक मळतं का? कणकेला त्यातली निम्मीसुद्धा जागा धरायची नाही. म्हणून लोक घाबरून मोठंच भांडं घेतात, आणि तिथेच फसतात. मोठ्या भांड्यात वाटी-दीड वाटी पीठ घातलं, तर खाली पातं नुसतं फिरतं आणि पीठ कडेला चिकटून बसतं. गोळा होतच नाही. मग बाई पाणी घालते, सैल झालं म्हणून वर पीठ घालते, पुन्हा पाणी. शेवटी दोघांच्या घरात सात जणांची कणीक तयार होते. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला काळा पडलेला गोळा बघून सासूबाई "मी सांगितलंच होतं" म्हणतात आणि यंत्र माळ्यावर जातं. याच्या उलट, लहान भांड्यात जास्त पीठ कोंबलं की मोटर तापून आपोआप बंद पडते. तळाशी एक लाल बटण असतं, ते दाबलं की पुन्हा चालू होते. दुकानात आलेल्या निम्म्या तक्रारी मी त्या एका बटणावर मिटवल्या आहेत.

तेव्हा भांडं रोजच्या कणकेवर घ्यावं, सणाच्या पुरणावर नाही. पुरण वर्षातून चारदा शिजतं.

पण कणकेवरच सगळं ठरत नाही. दिवा स्टेशनकडचं गिऱ्हाईक आलं की मी आधी पाण्याचं विचारायचे. ज्या घरात पाणी तासभर येतं, तिथे बारा पाती आणि तीन भांडी धुवायची कशानं? दिव्याच्या एका बाईला मी मोठं यंत्र विकायला चक्क नकार दिला, तर तिचा नवरा मालकाकडे तक्रार घेऊन गेला, "तुमच्या मॅडम आम्हाला गरीब समजतात." घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांचं निराळंच. तिथे नवरा वॅट विचारतो, बायको रंग विचारते, आणि धुणार कोण हे दोघंही विचारत नाहीत. तिथल्या एका घरी मी सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेले, तर आमच्या सगळ्यात मोठ्या भांड्यात गाडीच्या किल्ल्या आणि मोबाइलचे चार्जर ठेवलेले. भांड्याला मात्र एक ओरखडा नव्हता. त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मस्त चाललंय हां तुमचं मशीन." मीही "छान" म्हटलं.

माझा आणखी एक नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. घरातली माणसं मोजताना बाई स्वतःला मोजत नाही. "मिस्टर, दोन मुलं, सासूबाई, म्हणजे चार," असं बोटांवर मोजून सांगते. मी हसून म्हणायचे, "आणि तुम्ही काय वारा पिऊन राहता?" मग ती लाजते. त्यामुळे बाईनं सांगितलेल्या आकड्यात मी कायम एक मिळवायचे. नव्या मुलींना शिकवताना हे मी पहिल्या दिवशी सांगायचे. सावंत काकूंच्या बाबतीत हाच नियम माझ्या अंगाशी आला.

सावंत काकू पासष्टीच्या पुढच्या. काटक, पांढरे केस, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. आषाढात सुनेला घेऊन दुकानात आल्या. सून मानसी, ठाण्याला एका ऑफिसात नोकरीला. काकू म्हणाल्या, "चार माणसांचं दाखवा."

"चार कोण कोण?"

"मुलगा, सून, दोन नातवंडं."

"आणि तुम्ही?"

काकूंनी सुनेकडे बघितलं. सुनेनं शोकेसकडे. "माझं काय," काकू म्हणाल्या, "चारच धरा."

झालं, माझं भाषण सुरू झालं. काकू, स्वतःला मोजायला शिका, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोळ्या लाटल्यात, वगैरे. मी पाच माणसांचं मोठं भांडं पुढे सरकवलं. मानसी हळूच म्हणाली, "मॅडम, आई म्हणतायत तर चारचंच देता का?" त्या क्षणी ती मुलगी माझ्या डोळ्यांत खुपली. सासूला मोजायची हिची तयारी नाही, असं मी मनात नोंदवून ठेवलं. काकूंनी वाद घातला नाही. मोठं भांडं घेऊन दोघी गेल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी डेमो दिला, काकड्या किसून दाखवल्या, कणीक मळून दाखवली. त्या दिवशी मानसी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होती आणि काकू नुसत्या बघत होत्या. यंत्र काकूंसाठी घेतलंय, तर शिकतेय ही का, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पंधरा दिवसांनी मानसी एकटी आली. ऑफिसमधून परस्पर आलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"मॅडम, एका माणसाला पुरेल असं सगळ्यात लहान कुठलं?"

"एका माणसाला?" मी विचारलं. "कोणासाठी गं?"

"असंच. हवंय." मग थोडं थांबून म्हणाली, "झाकण फिरवायला जड नाही ना? हात दुखत असेल तर जमेल?"

मी चॉपरएवढं छोटं यंत्र काढलं, वाटीभर पिठाचं. तिनं झाकण तीन-चारदा उघडून-लावून बघितलं. म्हणाली, "बाजूला ठेवा, शनिवारी घेऊन जाते. आणि मॅडम, प्लीज, घरी डेमोसाठी फोन करू नका हां."

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असतात? दुखरा हात, एक माणूस, घरी कळता कामा नये. मी तर ती जिना उतरायच्या आत निकाल लावून मोकळी झाले. म्हातारीला घराबाहेर काढतायत. हातात वाटीभर पिठाचं यंत्र देऊन कुठल्यातरी खोलीत नेऊन ठेवणार, आणि वर चार लोकांत सांगणार, आईंची सगळी सोय केली.

इथे एक गोष्ट लपवली तर हे लिहिण्यात अर्थ नाही. माझे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी कल्याणला मुलाकडे राहत होते, अजूनही राहते. त्या पावसाळ्यात मुलगा आणि सून घोडबंदर रोडला फ्लॅट बघत होते, आणि दोन बेडरूमचेच बघत होते. त्यात माझी खोली कुठली, हे मी विचारलं नव्हतं. विचारायची मला भीती वाटत होती. रात्री त्यांच्या खोलीतून हलक्या आवाजातलं बोलणं आलं की मी कान द्यायचे. तो सगळा राग मी त्या परक्या मुलीवर काढला, हे आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी माणूस ओळखण्यात एकदम तयार आहे.

त्याच आठवड्यात सावंतांच्याच बिल्डिंगमध्ये विचारे वहिनींकडे मिक्सरचा डेमो होता. सावंत तिसऱ्या मजल्यावर, या दुसऱ्या. चटणी फिरवता फिरवता वहिनीच म्हणाल्या, "वरती काहीतरी चाललंय हो. सावंत काकू कपाट आवरतायत. जुन्या साड्या वाटल्या परवा."

मी म्हटलं, "बघा वहिनी, मी काही बोलत नाही. आपल्याला काय करायचंय? पण त्यांची सून आमच्याकडून एका माणसाचं यंत्र घेतेय. घरी कळवू नका म्हणाली."

"अगं बाई!" वहिनींनी मिक्सर बंद केला. "काढतेय की काय म्हातारीला?"

"मी तसं म्हटलं नाही हां," मी म्हटलं. पण नाही असंही म्हटलं नाही. उलट चटणीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलत मी शांतपणे भांडं धुतलं, आणि घरी जाताना मला कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी यंत्र न्यायला मानसी आली नाही. सावंत काकू आल्या, एकट्या. मी लगबगीनं स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"विचारेबाईंना तुम्हीच सांगितलंत ना?"

काकूंचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या काउंटरवरची पोरगी हातातलं काम टाकून बघायला लागली.

"गुरुवारी गणपतीची मीटिंग होती सोसायटीत," काकू म्हणाल्या. "तिथे कोणीतरी प्रसादला सगळ्यांदेखत विचारलं, काय रे, आईला वेगळं काढतोयस म्हणे. माझा मुलगा खाली मान घालून घरी आला आणि बायकोवर ओरडला. पोरांसमोर. तू माझ्या आईला बाहेर काढतेस? मी म्हटलं, अरे बाबा, मी जातेय. माझी मी. तर मला म्हणतो, आई, तू तिच्यावर पांघरूण घालू नकोस."

"तुम्ही जाताय?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मग काकू बसल्या. कल्याणजवळ मोहन्याला त्यांची खोली होती. मिस्टर तिथल्या कारखान्यात होते, लग्न होऊन काकू त्याच खोलीत आलेल्या. मुलाच्या शिक्षणासाठी डोंबिवलीला आले आणि खोली भाड्यानं दिली. होळीला भाडेकरू गेला. तेव्हापासून काकूंच्या मनात ते घोळत होतं.

"मला कोणाचा त्रास नाही हो," त्या म्हणाल्या. "सून गुणी आहे, मुलगा जीव टाकतो. मला सगळ्यांच्या वेळांचा कंटाळा आलाय. साडेपाचचा डबा, सातचा डबा, याला मऊ पोळी, त्याला कडक. मला भूक लागेल तेव्हा एक वाटी पीठ भिजवायचंय आणि खायचंय. एवढंच. प्रसादला सांगितलं असतं तर त्यानं पाऊल टाकू दिलं नसतं. लोक काय म्हणतील, हेच त्याचं पहिलं. मानसीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, गणपती झाले की चार दिवस खोली आवरायला म्हणून जा, राहून बघा, जमलं की मग आपण दोघी मिळून सांगू. सुट्ट्या टाकून तिनं खोलीला रंग लावला. आणि मी नसताना घरचा स्वयंपाक रखडू नये म्हणून ते मोठं यंत्र शिकली."

मी यंत्राचं खोकं उगाच सरळ करत राहिले.

"आणि मोरे मॅडम, मी चार म्हटलं होतं ना, ते मोजूनच म्हटलं होतं."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "काकू, मी येते घरी. प्रसादना सांगते, माझी चूक."

"तुम्ही काय सांगणार? त्याचा आईवर विश्वास नाही, तुमच्यावर ठेवेल? आता मी गेले तर लोक म्हणणार, बघा, काढलंच. नाही गेले तर माझी खोली गेली. मी मानसीला म्हटलं, राहू दे, नाही जात मी. तर ती म्हणाली, आई, तुम्ही जा. बोलू देत लोकांना." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "द्या ते मशीन. तिनं सांगून ठेवलंय ना."

मी ते नीट बांधून दिलं. काकू गेल्यावर मालक मला म्हणाले, "काय झालं? डिफेक्ट होता का?" मी हो म्हटलं.

गणपतीचं विसर्जन झाल्यावर काकू खरंच मोहन्याला गेल्या. मला चैन पडेना. नवरात्रात एका सकाळी मी न कळवता त्यांच्याकडे गेले. खोली खरोखर स्वच्छ रंगवलेली होती. ओट्यावर ते छोटं यंत्र, एक तवा, एक पातेलं. काकूंनी मला आत घेतलं, पण "बसा" म्हणून पाठ फिरवून ओटा पुसायला लागल्या. मग मीच म्हटलं, "डेमो राहिलाय." तेव्हा त्या जरा हसल्या.

एक वाटी पीठ, चिमूटभर मीठ, थेंबभर तेल. वरच्या भोकातून थोडं थोडं पाणी. भांडं मापाचं असलं की सगळं कसं जमतं ते बघण्यासारखं असतं. मिनिटभरात कणीक कडेपासून सुटून तिचा गोळा झाला. काकूंनी चार पोळ्यांच्या लाट्या केल्या. पहिली तव्यावरून उतरली तशी ताटलीत घेतली, वर तूप घातलं, आणि मला न विचारता, गॅस बारीक करून, तिथेच पाटावर बसून खाल्ली. अगदी सावकाश. मी बघत राहिले. उरलेल्या तिन्ही नंतर लाटल्या आणि त्यातल्या दोन मला वाढल्या.

"सुखी आहात ना काकू?" मी विचारलं.

"आहे. पण या पोळ्या तिच्या जिवावर खातेय. प्रसाद तिच्याशी कामापुरतं बोलतो. बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. रविवारी पोरांना घेऊन येते, तेव्हा चेहरा हसरा ठेवते. मला कळत नाही होय?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही जिथे सांगितलं होतंत, तिथेच जाऊन खरं सांगा. दुसरं काही नको मला तुमच्याकडून."

दुसऱ्याच दिवशी मी गेले. ऑक्टोबरचं ऊन, रिक्षा मिळेना, स्टेशनपासून चालतच गेले. विचारे वहिनींनी कौतुकानं आत घेतलं, पंखा लावला, चहा टाकला. मी बसले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. माझा गैरसमज झाला. काकू स्वतःहून गेल्या. सुनेनं उलट त्यांना मदत केली, खोली रंगवली, यंत्र शिकून घेतलं. मी काल स्वतः जाऊन डोळ्यांनी बघून आले. ती मुलगी सोन्यासारखी आहे, आणि तुम्ही सगळ्यांनी तिला माझ्यामुळे वाळीत टाकलंय.

वहिनींनी सगळं मन लावून ऐकलं. मधे एकदाही टोकलं नाही. मग चहाचा कप माझ्या हातात देत मायेनं म्हणाल्या, "किती चांगल्या हो तुम्ही, मोरे मॅडम. मानसीनं शब्द टाकला आणि एवढ्या उन्हातून चालत आलात."

"वहिनी, मानसीनं नाही पाठवलं मला. तिला माहीतसुद्धा नाही मी इथे आहे ते."

"बरं, बरं," वहिनी म्हणाल्या. "चहा घ्या, गार होईल."

मी शपथ घेतली. मुलाची घेतली. त्या "हो हो" म्हणत राहिल्या आणि बिस्किटांची ताटली पुढे सरकवत राहिल्या. अर्धा कप तसाच ठेवून मी उठले.

जिन्यात मानसी भेटली. ऑफिसातून लवकर सुटलेली असावी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मला बघून थांबली.

"काय मॅडम, डेमो होता का?"

"नाही गं." मी तिच्या हातातली एक पिशवी धरली आणि म्हटलं, "चुकलं माझं. मला माफ कर." तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "जाऊ दे मॅडम. आई बऱ्या आहेत ना तिकडे?" मी म्हटलं, "खूप बऱ्या आहेत." एक पिशवी दोघींनी धरलेली, अशा आम्ही जिन्यात उभ्या होतो.

पाठीमागे कडी वाजली म्हणून मी वळून बघितलं. विचारे वहिनी माझी विसरलेली छत्री घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मानसीकडे. मग छत्री हळूच कठड्याला टेकवली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.